दुसऱ्याच्या ‘मी’त ६३ वर्षं

अमेरिकन लेखक मार्क ट्वेनचा आवाज कसा होता, हे आज कुणालाच ठाऊक नाही. एडिसनच्या कंपनीने १९०९ साली कनेक्टिकटमधल्या त्याच्या घरी टिपलेली थोडी हलती चित्रं उरली आहेत, पण ती मुकी. पांढऱ्या कपड्यांतला एक म्हातारा चिरूट ओढत घराच्या कोपऱ्यावरून येतो आणि निघून जातो, एवढंच. त्याच्या बोलण्याची खूण म्हणून जे ध्वनिमुद्रण दाखवलं जातं ते १९३४ सालचं आहे. तोवर ट्वेनला जाऊन २४ वर्षं झाली होती. त्यात बोलतो तो विल्यम जिलेट नावाचा नट. हा हार्टफर्डमध्ये ट्वेनचा शेजारी होता आणि त्याने ट्वेनला तरुणपणी भरपूर ऐकलं होतं. म्हणजे या लेखकाचा आवाज आपल्यापर्यंत पोचला तोच मुळी एका नटाच्या गळ्यातून.

दुसरा नट हॅल होलब्रुक. १९२५ साली क्लीव्हलंडमध्ये जन्मला, आईबापांनी लहानपणीच सोडलं, आजीआजोबांकडे वाढला. ओहायोतल्या डेनिसन विद्यापीठात नाटक शिकताना बायकोबरोबर साहित्यातल्या छोट्या छोट्या प्रवेशांचा दोनपात्री कार्यक्रम बसवला, तो घेऊन शाळाशाळांतून हिंडला. त्या प्रवेशांतला एक ट्वेनचा होता. १९५४ साली पेनसिल्वेनियातल्या लॉक हेवनच्या अध्यापक महाविद्यालयात तो पहिल्यांदा एकटा ट्वेन होऊन उभा राहिला. वय २९, पात्राचं वय ७०. चेहऱ्यावर सुरकुत्या चढवायला तीन-तीन तास लागायचे. १९५९ साली न्यूयॉर्क, १९६६ साली तिथलीच ब्रॉडवेची मोठी रंगभूमी आणि टोनी हा अमेरिकी नाट्यपुरस्कार, पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणी. मग थांबणं नाहीच. २०१७ साली, ९२व्या वर्षी त्याने तो पांढरा सूट उतरवला, तेव्हा प्रयोगांची संख्या २००० च्या वर गेली होती. २०२१ च्या जानेवारीत तो गेला.

सॅम्युअल क्लेमेन्स या गृहस्थाने ‘मार्क ट्वेन’ हे नाव वापरलं ते १८६३ पासून १९१० पर्यंत, म्हणजे ४७ वर्षं. होलब्रुकने ते ६३ वर्षं वापरलं. ज्याचं नाव त्याच्यापेक्षा १६ वर्षं जास्त!

हा विक्रम म्हणून सांगत नाही. यातून एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्याकडेही तितकाच लागू आहे. लेखक गेल्यावर त्याचा वारसा जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं, आणि ते कुणी करायचं? आपलं उत्तर ठरलेलं असतं. पुतळा, सभागृहाला नाव, जन्मशताब्दी समिती, एक टपाल तिकीट, राहत्या घरावर संगमरवरी पाटी. मला यातल्या कशाचंच वावडं नाही. पण या सगळ्यात एक सोय असते. लेखक काय म्हणाला, ते पाटीला सांगावं लागत नाही. पुतळ्याला त्याच्या ३० पुस्तकांतलं नेमकं कुठलं पान आज उघडायचं, हे ठरवावं लागत नाही. नटाला ते रोज संध्याकाळी ठरवावं लागतं. लेखक जिवंत राहतो तो या निवडीत, असं माझं मत आहे, आणि म्हणून एका चांगल्या नटाची कारकीर्द मला दहा स्मारकांपेक्षा मोलाची वाटते. होलब्रुक या मताचा सर्वांत बळकट पुरावा आहे. त्या मताची अडचणही त्याच्याच कामात दिसते.

आधी पुरावा. होलब्रुकच्या प्रयोगाची ठरलेली संहिता नव्हती. ट्वेनच्या लेखनातले, भाषणांतले तासन्‌तास पुरतील एवढे उतारे त्याने पाठ करून ठेवले होते आणि त्यात आयुष्यभर भर टाकत राहिला. देशात काय चाललं आहे, समोर कोण बसलं आहे, ते पाहून आज काय बोलायचं ते ठरायचं. नेम एकच: आजच्या पुढाऱ्यांची नावं ट्वेनच्या तोंडी घुसडायची नाहीत. शब्द जुनेच. नागरी हक्कांचा लढा, व्हिएतनाम, वॉटरगेट, इराक, एवढं सगळं त्या ६३ वर्षांत त्याच्या प्रेक्षकांनी पाहिलं आणि दर वेळी १९१० सालीच मेलेला माणूस कालचा पेपर वाचून आल्यासारखा बोलला. हे फक्त पाठांतराने होत नाही. त्यासाठी लेखकाचं सगळं वाचावं लागतं. न आवडणारं, न गाजलेलं, घरच्यांनी दडवून ठेवलेलंसुद्धा.

आणि ट्वेनच्या बाबतीत दडवलेलं बरंच होतं. शाळेच्या पुस्तकातला ट्वेन म्हणजे कुंपण रंगवणारा टॉम सॉयर. पण हाच माणूस १९०१ पासून मरेपर्यंत अमेरिकेच्या साम्राज्यवादविरोधी लीगचा उपाध्यक्ष होता. फिलिपाइन्समधल्या स्वतःच्या देशाच्या युद्धावर त्याने कोरडे ओढले. काँगोत बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने चालवलेल्या अत्याचारांवर १९०५ साली त्याने पुस्तिका लिहिली. ‘युद्धप्रार्थना’ हा त्याचा छोटा लेख तर अंगावर येतो. चर्चमध्ये आघाडीवर निघालेल्या पोरांसाठी विजयाची प्रार्थना चालू आहे. तेवढ्यात एक अनोळखी म्हातारा येऊन सांगतो की, तुम्ही अर्धीच प्रार्थना बोललात. उरलेली अर्धी मी बोलतो. आणि मग शत्रूची पोरं फाटून मरावीत, त्यांच्या विधवांनी टाहो फोडावा, हे सगळं तो देवाकडे रीतसर मागून दाखवतो. हा लेख ट्वेनच्या हयातीत छापला गेला नाही. देवाधर्मावरचं त्याचं आणखी जहाल लेखन मुलगी क्लाराने अनेक वर्षं अडवून धरलं, ते १९६२ साली बाहेर आलं. बापाची अब्रू जपायची होती तिला. मुलीने तसं वागणं मी समजू शकतो. पण वारस आणि वारसा या दोन शब्दांत फक्त एका काण्याचा फरक आहे म्हणून ती एकच गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो, ते चुकतं.

आता अडचण.

मी होलब्रुकला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. १९६७ च्या दूरचित्रवाणी प्रयोगाचं चित्रण पाहिलं आहे, आणि एकदा नाही. त्यातल्या शांततांना तोड नाही. वाक्य अर्ध्यावर टाकून तो चिरुटाशी खेळत बसतो, प्रेक्षक हसून संपतात, हा अजून चिरुटातच. मग उरलेलं अर्धं वाक्य येतं आणि हसलेल्यांना आपण कशाला हसलो ते कळतं. अप्रतिम. पण तिसऱ्यांदा पाहताना माझ्या लक्षात आलं की मी मजकूर ऐकतच नव्हतो. त्या लाडक्या आजोबांकडे बघत होतो. पांढरे केस, पांढऱ्या मिशा, पांढरा सूट. जहर कितीही असो, ते या आजोबांच्या हातून आलं की गोड लागतं.

तो सूटही जरा तपासून पाहण्यासारखा आहे. ट्वेनने हिवाळ्यात भर सभेत पांढरा सूट घालून पहिल्यांदा लोकांना चकित केलं ते डिसेंबर १९०६ मध्ये, वॉशिंग्टनला. व्याख्यानांचे धंदेवाईक दौरे त्याने त्याच्या कितीतरी आधी संपवले होते. दिवाळखोरीतून वर येण्यासाठी १८९५-९६ मध्ये त्याने जगभर व्याख्यानं दिली, त्यात १८९६ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतही बोलला. तेव्हा हा पांढरा सूट नव्हता. म्हणजे व्यासपीठावरचा पांढऱ्या सुटातला ट्वेन हे दोन खऱ्या गोष्टींचं जोडकाम आहे. आज कुठल्याही अमेरिकन माणसाला ट्वेन काढायला सांगा, तो हेच जोडकाम काढेल. नटाने लेखकाला जिवंत ठेवलं आणि त्या बदल्यात त्याचा चेहरा ठरवून टाकला.

यावर होलब्रुकच्या बाजूने एक उत्तर आहे आणि ते वजनदार आहे. ‘मार्क ट्वेन’ ही मुळातच भूमिका होती. मिसिसिपी नदीवरच्या बोटवाल्यांची ती आरोळी, पाणी दोन वाव खोल आहे, बोट जाऊ द्या, अशा अर्थाची. क्लेमेन्सने ती नावासारखी घेतली आणि व्यासपीठावर तो संथ, भोळसट वाटणारा, हेल काढून बोलणारा इसम उभा केला. या भूमिकेतला पहिला नट क्लेमेन्सच होता, होलब्रुक दुसरा. डिकन्सचंही असंच. तो स्वतःच्या कादंबऱ्यांतले प्रवेश वाचून थिएटरं भरवायचा. पुढे १९५१ पासून एमलिन विल्यम्स हा नट दाढी लावून डिकन्स म्हणून तेच करू लागला. जे लेखक आयुष्यातच रंगमंचावर होते, त्यांना नटाने पुढे नेणं हे तसं वारसाहक्कातच बसतं. (कवयित्री एमिली डिकिन्सनचं काय करायचं, हा अवघड भाग. ती घराबाहेर पडत नव्हती, आणि तिच्यावरच्या एकपात्रीने ज्युली हॅरिसला टोनी मिळवून दिलं.)

तरीही माझी बोच जात नाही, आणि ती का जात नाही ते मला कीर्तनामुळे कळलं.

आपल्याकडे एका कवीचा वारसा साडेतीनशे वर्षांहून जास्त काळ तोंडी चालवणारी माणसं आहेत. तुकोबांचं नाव घेऊन रोज कुठल्या ना कुठल्या गावात कुणीतरी उभा राहतो. तोही निवडतो. एवढ्या मोठ्या गाथेतला एक अभंग आजच्या कीर्तनाला घेतो. तोही कालच्या बातमीकडे डोळा ठेवून बोलतो. गाडगेबाबा तर समोरच्यालाच प्रश्न विचारत, त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि मग तुकोबांचा दाखला असा ठोकत की कर्ज काढून तेरावं घालणाऱ्याला जागा सापडू नये. पण कुठलाही कीर्तनकार तुकाराम होत नाही. तो ‘तुका म्हणे’ असं म्हणतो. हे दोन शब्द फार कामाचे आहेत. अभंग कुठे संपला आणि बुवांचं स्वतःचं कुठे सुरू झालं, ते ऐकणाऱ्याला दिसतं. बुवा घसरले तर घरी जाताना लोक म्हणतात, बुवांचं काही खरं नाही. तुकोबांचं काही खरं नाही, असं कुणी म्हणत नाही.

एकपात्रीतला नट ‘मी’ म्हणतो आणि ही फट बुजवतो. होलब्रुकने तीन ठिकाणचे उतारे एकत्र शिवले तर शिवण दिसत नाही. दिसू नये हीच तर त्याची कला. प्रेक्षकाला ते सगळं ट्वेनचं सलग बोलणं वाटतं. होलब्रुक प्रामाणिक होता, वाचणारा होता, म्हणून निभावलं. त्याच सुटात कमी वाचलेला माणूस शिरला तर काय होईल, ते फिरत्या संदेशांत ट्वेनच्या नावावर खपणारी सुभाषितं पाहून ओळखावं. परकाया प्रवेशाच्या गोष्टीत शंकराचार्य राजाच्या देहात शिरले तेव्हा त्यांना आठवण द्यायला शिष्य होते. नटाला आठवण कोण देणार?

पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मर्ढेकरांच्या आणि बोरकरांच्या कवितांचं वाचन करत, त्याचं मोल मला या ठिकाणी फार वाटतं. दोघंही मुरलेले रंगकर्मी. नकलेचं वरदान तर पु. लं.इतकं कुणाला होतं? मनात आणलं असतं तर बोरकर हुबेहूब उभे केले असते. पण त्या कार्यक्रमांत ते कवी झाले नाहीत, वाचक झाले. दुर्बोध म्हणून बाजूला टाकलेला मर्ढेकर आवाजातून आला की त्याचा राग, त्याची करुणा सरळ पोचते, एवढंच त्यांनी दाखवून दिलं. ‘तुका म्हणे’ची फट त्यांनी उघडी ठेवली. होलब्रुकपुढे मी हा नमुना ठेवतो. तो जास्त चांगला आहे म्हणून नाही. त्यात ऐकणाऱ्याला पुस्तकाकडे जायला वाट उरते, म्हणून.

मग नटाने लेखकाचं सोंग घेऊच नये का? घ्यावं. फक्त ते एकाच नटाच्या मालकीचं होऊ नये. होलब्रुकच्या कामातला दोष दुरुस्त करायला आणखी दहा जण हवेत. रागीट ट्वेन, कर्जबाजारी ट्वेन, मुलगी गेलेला ट्वेन, काळ्या कोटातला ट्वेन. लेखकाचा एक चेहरा ठरून जाण्यावर उतारा म्हणजे दुसरा चेहरा. अमेरिकेत हे होऊ शकतं. होतंही. कादंबरीकार पर्सिव्हल एव्हरेटने २०२४ मध्ये ट्वेनच्याच हकलबरी फिनची गोष्ट गुलाम जिमच्या तोंडून पुन्हा सांगितली आणि तिला पुलित्झर मिळालं. तिथे ट्वेनला जिवंत ठेवायचं काम त्याच्याशी भांडणाऱ्यानेही केलं. हे शक्य झालं, कारण ते लेखन आता कुणाच्या ताब्यात नाही. होलब्रुक १९५४ साली उभा राहिला तेव्हाही ट्वेनच्या बहुतेक गाजलेल्या पुस्तकांचे हक्क संपलेले होते. आणि गंमत पाहा, १९०६ साली ट्वेन तो पांढरा सूट घालून वॉशिंग्टनला गेला होता कशासाठी? लेखनहक्काची मुदत वाढवा, तेव्हाची ४२ वर्षं पुरत नाहीत, लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांपर्यंत हक्क घरच्यांकडे राहू द्या, हे काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, समितीला सांगायला. त्याचं तेव्हा पूर्ण ऐकलं असतं, तर त्याच सुटासाठी होलब्रुकला क्लाराबाईंच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

आपल्याकडे मुदत आहे मृत्यूनंतर ६० वर्षं. आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या लेखनाची मुदत १९९१ च्या अखेरीला संपायच्या बेतात आली, तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवली गेली. त्या ताब्याने काय साधलं, याचं उदाहरण गायक देवव्रत विश्वास. रवींद्रसंगीत गावं तर यांनी, असं बंगालमध्ये घराघरांत मानलं जायचं. पण हक्क ज्या संस्थेकडे होते त्या, रवींद्रनाथांच्याच विश्वभारतीच्या संगीत मंडळाला त्यांचा वाद्यमेळ, त्यांची गायनशैली पटेना. मंजुरीशिवाय ध्वनिमुद्रिका निघत नसे. शेवटी या माणसाने रवींद्रसंगीताचं ध्वनिमुद्रणच सोडलं. मंडळाचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. शुद्धतेची राखण करायची होती त्यांना. राखण करता करता आपल्या काळातला सर्वांत मोठा आवाज त्यांनी गप्प केला.

मराठीत सगळेच वारस अडून बसतात असं नाही. कित्येक घरांनी मोकळ्या मनाने परवानग्या दिल्या आहेत. कायद्यातही थोडी मोकळीक आहे: वाजवी लांबीचे उतारे जाहीरपणे वाचायला हरकत नाही, हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण कुणाला एका लेखकावर आयुष्य लावायचं असेल, त्याच्या शब्दांवर तिकीट लावून दोन तास उभे करायचे असतील, तर सगळं अडतं ते एका होकारावर. आणि तो होकार एका पिढीने दिला तरी पुढची देईल याची खात्री नाही. अशा जमिनीवर कोण घर बांधणार? होकार मिळवण्यासाठी नट सगळ्यात आधी काय करेल, तर लेखकाची बोचरी पानं गाळेल. तो जातीवर काय बोलला, देवावर काय बोलला, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर काय बोलला, ते वगळेल. उरतात ते लाडके आजोबा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. लेखक गेल्यावर काही वर्षं, १० म्हणा, १५ म्हणा, सगळे हक्क वारसांकडे असू द्यावेत. त्यानंतर ६० वर्षं पुरी होईपर्यंत त्यांना प्रयोगामागे ठरलेलं मानधन मिळावं, बुडवणाऱ्याला दंड व्हावा, पण नाही म्हणण्याचा अधिकार नसावा. पैसे वारसांचे, शब्द वाचकांचे. यावर लगेच शंका येईल की मग कुणीही उठेल आणि लेखकाची वाट लावेल. लावेल की. तुकोबांची वाट लावणारी कीर्तनं या महाराष्ट्रात काही कमी झालेली नाहीत. गाथा शाबूत आहे. उलट ज्यांच्या शब्दांना कुणी हात लावला नाही असे किती लेखक आज वाचले जातात, ते ग्रंथालयातल्या कपाटांवरची धूळ सांगेल.

सरकारला यात काही करायचंच असेल तर स्मारकाच्या खर्चातला चतकोर तुकडा अशा नटांसाठी काढून ठेवावा. एका लेखकाचं सगळं वाचायला दोन वर्षं, संहिता रचायला एक, आणि मग तालुक्यातालुक्यांत प्रयोग. शाळेच्या सभागृहात, पडदा नसला तरी चालेल. होलब्रुकही शाळांतूनच पुढे आला. कुठल्याही समितीने त्याला नेमलं नव्हतं. घर चालवायचं होतं म्हणून तो एकटा उभा राहिला, आणि त्याच्या हाताशी मोकळे असलेले शब्द होते.

पु. ल. गेले २००० साली. त्यांचे शब्द कायद्याने सर्वांसाठी मोकळे होतील १ जानेवारी २०६१ ला. होलब्रुकने सुरुवात केली तेव्हाच्या त्याच्या वयाचा, २९ वर्षांचा एखादा नट आज ती वाट पाहत बसला असेल, तर तोवर त्याने साठी ओलांडलेली असेल. रंगभूषेला मात्र तीन तास लागणार नाहीत.